मांजराचा मधुमेह : रक्तशर्करेची तपासणी घरच्या घरी

(आमच्या प्रतिनिधीकडून)

अमरावती : वऱ्हाडात एप्रिल-मे महिन्यांत पाण्याच्या भांड्याजवळून न हलणारे मांजर पाहून कोणाला नवल वाटत नाही. पारा ४५ अंशांकडे झेपावत असताना माणसांचाही जीव कासावीस होतो, तेथे मुक्या प्राण्याची काय कथा, असे म्हणून घरची मंडळी भांडे पुन्हा भरून ठेवतात. मात्र मृगाचा पाऊस पडून गेला तरी मांजराची तहान भागत नसेल, त्याच्या ट्रेमधील रेती पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर ओली होत असेल आणि भरपूर खाऊनही पाठीचा कणा हाताला लागू लागला असेल, तर ती तहान उन्हाची नव्हे. ती मधुमेहाची असू शकते.

मधुमेह हा आपल्या घरांना अपरिचित राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना हा विकार आहे. त्यामुळे अमरावतीच्या राजापेठेत काय किंवा अकोल्याच्या जठारपेठेत काय, अनेक घरांच्या कपाटात आजीचा किंवा वडिलांचा ग्लुकोमीटर सापडतो. तोच ग्लुकोमीटर मांजराचा जीव वाचवू शकतो. मात्र तो कसा वापरावा आणि त्यावरील आकडा कसा वाचावा, हे ठाऊक असेल तरच.

कोणत्या मांजरांना धोका?

पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांनुसार शंभर ते पाचशे मांजरांमागे एकाला मधुमेह आढळतो. मांजरांमधील बहुतांश मधुमेह माणसांतील दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासारखा असतो. स्वादुपिंड इन्शुलिन तयार करते. पण शरीर त्याला दाद देत नाही आणि कालांतराने स्वादुपिंडही थकते. वय सात-आठ वर्षांपुढे गेलेले, वजन वाढलेले, घरातच बसून राहणारे आणि नसबंदी केलेले बोके यांना धोका अधिक असतो. खाज किंवा दम्यासाठी वारंवार दिलेली स्टेरॉइडची औषधेही मधुमेहास निमित्त ठरतात. तेव्हा अशी इंजेक्शने पूर्वी दिली असतील, तर पशुवैद्यकाला ते आवर्जून सांगावे.

अतितहान, अतिलघवी, वाढलेली भूक आणि तरीही घटणारे वजन ही चार लक्षणे प्रमुख होत. काही मांजरांचे मागील पाय दुर्बल होतात. एरवी पंजाच्या बोटांवर चालणारे मांजर टाच जमिनीला टेकवून चालू लागते व उंच उडी मारण्याचे टाळते. हा मज्जातंतूंवर झालेला परिणाम असून साखर आटोक्यात आल्यावर तो बऱ्याच अंशी भरून निघू शकतो.

दवाखान्यातील आकडा का फसवतो?

निरोगी मांजराची रक्तशर्करा साधारणतः दर डेसिलिटरला ७० ते १५० मिलिग्रॅम असते. मात्र भीती वाटली की मांजराची साखर झपाट्याने चढते. पिशवीत कोंबून रिक्षातून आणलेले, बाकावरच्या कुत्र्याचे भुंकणे ऐकलेले आणि टेबलावर घट्ट धरून ठेवलेले निरोगी मांजरही ३०० चा आकडा दाखवू शकते. एवढ्यावरून त्याला मधुमेही ठरविले तर नसलेल्या रोगासाठी इन्शुलिन सुरू होईल. म्हणूनच निदान करताना पशुवैद्यक लक्षणे व लघवीतील साखर पाहतात आणि गरजेनुसार 'फ्रुक्टोसामाइन' ही रक्तचाचणी करतात. या चाचणीतून मागील एक ते दोन आठवड्यांतील साखरेचा सरासरी अंदाज येतो. दवाखान्यातील घटकाभरच्या भीतीचा तिच्यावर परिणाम होत नाही.

खरा प्रश्न उपचार सुरू झाल्यानंतर उभा राहतो. इन्शुलिनचा डोस वाढवायचा की कमी करायचा, हे ठरविण्यासाठी दिवसभरात साखर कोठवर उतरते हे कळावे लागते. दवाखान्यातील भेदरलेल्या मांजराच्या आकड्यावर डोस वाढवीत नेला, तर घरी शांत झाल्यावर त्याच मांजराची साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. साखर वाढलेली राहिली तर नुकसान सहसा काही दिवसांत किंवा आठवड्यांत होते. अतिरिक्त इन्शुलिनने मात्र काही तासांत प्राण जाऊ शकतो. घरच्या तपासणीचे महत्त्व येथेच आहे. स्वित्झर्लंडमधील झुरिच विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी कुत्र्या-मांजरांच्या कानातून थेंबभर रक्त घेऊन छोट्या मीटरवर साखर मोजण्याची पद्धत २००० मध्ये शास्त्रीय नियतकालिकातून मांडली. पुढे मालकांनी घरी केलेल्या तपासण्यांचाही अभ्यास झाला. आज ही पद्धत जगभर रूढ आहे.

आजीचा ग्लुकोमीटर चालेल काय?

चालेल, पण त्याची मर्यादा ओळखून. माणसाच्या रक्तातील साखरेचा सुमारे ४२ टक्के भाग तांबड्या पेशींत व उरलेला द्रवभागात असतो. मांजरात पेशींमध्ये जेमतेम ७ टक्के आणि द्रवभागात ९३ टक्के साखर असते. माणसांसाठी बनविलेल्या मीटरचे गणित माणसाच्या रक्ताचे असल्याने तो मांजराची साखर बहुधा प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवितो. प्राण्यांसाठी स्वतंत्र मीटर परदेशात मिळतात व त्यांत मांजर, कुत्रा असे निरनिराळे संकेतांक असतात. तसा मीटर उपलब्ध नसल्यास माणसांचा वापरता येतो; मात्र तीन पथ्ये पाळावीत. प्रत्येक वेळी एकच मीटर वापरावा. तो कोणता आहे हे पशुवैद्यकास सांगावे. शक्य असल्यास एकदा प्रयोगशाळेत रक्त तपासताना त्याच वेळी आपल्या मीटरवरही थेंब तपासून दोन्ही आकडे ताडून पाहावेत. मांजराच्या अंगात रक्त कमी असेल तर मीटर साखर जास्त दाखवितो, तर शरीरातील पाणी घटलेले असेल तर कमी दाखवितो, हेही ध्यानात असावे.

मीटर घरातील माणसांचा असला तरी टोचणीची सुई मात्र मांजरासाठी स्वतंत्र व दर वेळी नवी घ्यावी.

रक्त कसे घ्यावे?

मांजराच्या कानाच्या बाहेरील कडेने एक बारीक शीर जाते. टोचायचे ते या शिरेत नव्हे, तर शीर आणि कानाची कड यांमधील अरुंद पट्टीत. तेथील केशवाहिन्यांतून आलेला थेंब पुरेसा होतो. हल्लीच्या पट्ट्यांना मोहरीच्या दाण्याहून लहान थेंब लागतो. पद्धत पुढीलप्रमाणे :

१. पट्टी, मीटर, नवी सुई, कापूस व मांजराच्या आवडीचा खाऊ आधी हाताशी मांडून ठेवावा. मांजराला धरल्यावर शोधाशोध करू नये.

२. कान उबदार असावा. थंडीत कोमट पाण्यात पिळलेले फडके किंवा तव्यावर किंचित गरम करून मोज्यात भरलेले तांदूळ अर्धा-एक मिनिट कानाला लावावेत. आधी आपल्या मनगटावर लावून चटका बसत नाही ना, ते पाहावे. उन्हाळ्यात बहुधा याची गरज पडत नाही.

३. स्पिरिट लावू नये. त्याने थेंब पसरतो, आकडा चुकू शकतो आणि उग्र वासाने मांजर बिथरते. कान मळलेला असल्यास ओल्या कापसाने पुसून पूर्ण कोरडा करावा. दाट केस असल्यास व्हॅसलीनचा अगदी पातळ थर लावल्यास थेंब गोल राहतो.

४. कानाच्या मागे कापसाची घडी धरावी. तिच्यामुळे कानाला आधार मिळतो आणि सुई आरपार जाऊन आपल्या बोटात घुसत नाही.

५. सुई झटकन टोचावी. थेंब न आल्यास कान हलकेच चोळावा. जोराने पिळू नये. मीटरला जोडलेली पट्टी थेंबाजवळ नेताच ती रक्त आपोआप ओढून घेते.

६. आकडा येईपर्यंत कापसाने कान दाबून धरावा. अर्ध्या मिनिटात रक्त थांबते व व्रण उठत नाही. नंतर खाऊ द्यावा, आकडा मिळाला नसला तरीही.

पहिल्या काही दिवसांत निम्मे प्रयत्न वाया जातात, हे आधीच गृहीत धरावे. एका वेळी दोन-तीनपेक्षा अधिक वेळा टोचू नये. सुरुवातीचा आठवडाभर नुसते त्याच जागी बसवून, कान चोळून, खाऊ देऊन सोडून द्यावे. खाऊची सवय लागली की बरीच मांजरे तपासणीच्या वेळी आपण होऊन येऊन बसतात. कानाला हात लावू न देणाऱ्या मांजरांसाठी पंजाच्या गादीतून रक्त घेण्याचा पर्याय असतो. तो पशुवैद्यकाकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावा.

आकड्यांचा अर्थ

रोजची तपासणी सकाळी व सायंकाळी, खाणे आणि इन्शुलिन देण्यापूर्वी करावी. डोस ठरविताना मात्र दिवसभराचा आलेख लागतो. त्यासाठी इन्शुलिन दिल्यापासून बारा तास, दर दोन तासांनी साखर मोजतात. उदाहरणादाखल एका दिवसाचे आकडे असे धरू : सकाळी ७ वाजता ३१०, ९ वाजता २४०, ११ वाजता १६०, दुपारी १ वाजता ११०, ३ वाजता १४०, ५ वाजता २१० आणि सायंकाळी ७ वाजता २९०. केवळ सकाळचा ३१० हा आकडा पाहणारा डोस वाढवा म्हणेल. पण दुपारी साखर ११० पर्यंत उतरत आहे, म्हणजे औषध आपले काम करीत आहे. येथे डोस वाढविल्यास दुपारचा आकडा ६० च्या खाली जाण्याची भीती आहे. दिवसातील नीचांक ८० ते १५० च्या दरम्यान असावा, असे पशुवैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. मांजराची मूत्रपिंडे साखर लघवीत सोडू लागतात ती रक्तशर्करा साधारण २५० च्या पुढे गेल्यावर; माणसात हीच मर्यादा १८० च्या आसपास असते. त्यामुळे मांजराची साखर दिवसभर माणसासारखी काटेकोर राखण्याचा अट्टहास करण्याचे कारण नाही.

एका आकड्यावर डोस बदलू नये. नवा डोस अंगी लागण्यास पाच ते सात दिवस द्यावे लागतात. प्रत्येक आकडा तारीख, वेळ, खाणे, डोस व वजन यांच्यासह वहीत लिहावा आणि ती वही पशुवैद्यकास दाखवावी. घरच्यांचे काम मोजण्याचे; डोस बदलण्याचा निर्णय पशुवैद्यकाचा. इन्शुलिनपूर्वीचा आकडा नेहमीपेक्षा बराच खाली, म्हणजे २०० च्या आत आला किंवा मांजराने खाण्यास तोंड लावले नाही, तर नेहमीचा डोस न देता आधी पशुवैद्यकास दूरध्वनी करावा.

लघवीच्या पट्टीवर साखर कळते. पण ती काही तासांपूर्वीची. साखर धोकादायक खाली गेल्याचे ती पट्टी सांगू शकत नाही. इन्शुलिनचा डोस तिच्यावर ठरवू नये. लघवीतील कीटोन पाहण्यासाठी मात्र ती फार उपयुक्त आहे. कीटोन आढळले, मांजराने खाणे सोडले, उलट्या सुरू झाल्या किंवा श्वासाला नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा वास येऊ लागला, तर विलंब न लावता दवाखाना गाठावा.

साखर एकाएकी उतरली तर

मांजर लडखडू लागणे, एकाएकी खूप भूक लागणे, गुंगी, थरथर आणि शेवटी झटके ही साखर उतरल्याची लक्षणे होत. आकडा ६० च्या खाली असून मांजर शुद्धीवर असेल तर लगेच खाणे द्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. लक्षणे दिसत असतील तर मध किंवा पाण्यात कालवलेली ग्लुकोज पावडर हिरड्यांवर चोळावी. मांजर बेशुद्ध असेल किंवा त्याला झटके येत असतील तर तोंडात काहीही ओतू नये, दातांमध्ये बोट घालू नये. ओठाच्या आतल्या कडेला मध लावून तत्काळ दवाखान्यात न्यावे. मांजर सावरले तरी पशुवैद्यकास कळवावेच, कारण इन्शुलिनचा अंमल पुढेही काही तास राहतो. लक्षणे स्पष्ट असूनही मीटर ठीक आकडा दाखवीत असेल, तर लक्षणांवर विश्वास ठेवावा.

लाल झाकण आणि नारिंगी झाकण

भारतात इन्शुलिन दोन तीव्रतांमध्ये मिळते : दर मिलिलिटरला ४० युनिट व १०० युनिट. चाळीसच्या सिरिंजचे झाकण लाल, तर शंभरच्या सिरिंजचे नारिंगी असते. माणसांच्या बाबतीतही यांची अदलाबदल घातक ठरते. मांजराचा सुरुवातीचा डोस तर अनेकदा अवघा एक युनिट असतो. शंभर तीव्रतेचे इन्शुलिन लाल झाकणाच्या सिरिंजमध्ये दोनच्या खुणेपर्यंत भरले, तर दोनऐवजी पाच युनिट जातात. म्हणजे अडीचपट डोस. औषध दुकानातून घेताना बाटलीवरील आकडा आणि सिरिंजवरील आकडा एकच असल्याची खात्री दर वेळी करावी. दुकानदाराने 'दुसरी कंपनी आहे, तेच आहे' असे सांगितले तरी पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय बदल स्वीकारू नये.

वऱ्हाडचे ऊन

मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांपुढे गेल्याने अकोला जिल्हा प्रशासनाने कलम १४४ लागू केले होते. अशा उन्हात औषधाची व तपासणी-साहित्याची काळजी स्वतंत्रपणे घ्यावी लागते. इन्शुलिन २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजमध्ये ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात कदापि नाही, कारण गोठलेले इन्शुलिन निकामी होते. वीज दीर्घकाळ गेल्यास बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ओल्या मातीच्या माठात ठेवण्याचा जुना उपाय तात्पुरता उपयोगी पडतो. प्रवासात थर्मासमध्ये, फडक्यात गुंडाळून न्यावी. बर्फाला थेट टेकवू नये. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ती क्षणभरही विसरू नये.

तपासणीच्या पट्ट्या बहुधा ३० अंशांपर्यंतच टिकतात. मात्र त्या फ्रिजमध्ये ठेवू नयेत. दमटपणाने खराब होतात. याच कारणाने त्यांची डबी पाण्याच्या कूलरसमोरही ठेवू नये. घरातील सर्वांत थंड पण कोरडे कपाट निवडावे आणि डबीचे झाकण पट्टी काढताच लावावे. उन्हाळ्यात आकडे अचानक विचित्र येऊ लागले, तर मांजराआधी पट्ट्यांवर संशय घ्यावा.

वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत बंद करून घातक कचरा म्हणून वेगळ्या द्याव्यात. घंटागाडीच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकल्यास त्या सफाई कामगाराच्या हातात घुसतात.

दूध-पोळी नको

आपल्याकडे मांजर म्हटले की दूध-पोळी किंवा दुधात बुडविलेली बिस्किटे. मांजर हा मूलतः मांसाहारी प्राणी असून पिष्टमय पदार्थ पचविण्याची त्याची क्षमता मर्यादित आहे. मधुमेही मांजराला प्रथिने अधिक व पिष्ट कमी असलेला ओला आहार द्यावा, असे तज्ज्ञ सांगतात. शिजविलेली कोंबडी, अंडे, मासळी यांचा उपयोग होतो. पण केवळ त्यांवर ठेवल्यास कॅल्शियम व अन्य घटकांची उणीव राहते. आहार एकदम बदलू नये. इन्शुलिन सुरू असताना पिष्ट कमी केल्यास साखर झपाट्याने उतरते. म्हणून आहारबदल व डोस यांची सांगड पशुवैद्यकानेच घालावी.

आजार परत फिरतो काय?

मांजरांच्या मधुमेहातील सर्वांत दिलासादायक बाब हीच. वेळीच उपचार झाल्यास काही मांजरांचे इन्शुलिन पूर्णपणे थांबते. घरी वारंवार साखर मोजून ग्लार्जिन इन्शुलिन दिलेल्या ५५ मांजरांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६४ टक्के मांजरे इन्शुलिनमुक्त झाली. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत हा काटेकोर उपचार सुरू झालेल्यांमध्ये हे प्रमाण ८४ टक्के होते. उशीर झालेल्यांमध्ये ते सुमारे ३५ टक्क्यांवर आले. अर्थात इन्शुलिन थांबल्यावरही अधूनमधून तपासणी चालू ठेवावी लागते, कारण आजार परतू शकतो.

अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन ही गोळी आणि ऑगस्ट २०२३ मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिन हे द्रवरूप औषध मांजरांसाठी मंजूर झाले. ही औषधे सर्व मांजरांना चालत नाहीत. त्यांच्या वापरात साखरेचा आकडा ठीक असतानाही कीटोन वाढून जीव धोक्यात येऊ शकतो. घरातील माणसाच्या मधुमेहाच्या गोळ्या मांजराला देणे तर सर्वथा टाळावे. माणसांच्या दंडावर लावतात तो चौदा दिवसांचा सेन्सर काही पशुवैद्यक मांजरांवरही वापरतात. त्यामुळे दर वेळी टोचणे वाचते. मात्र तो मुदतीआधी गळून पडण्याचा संभव असतो व शंका आल्यास कानाच्या थेंबानेच खात्री करावी लागते.

सल्ला कोठे?

अकोल्यात महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. याच विद्यापीठाचे नागपूर येथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. अमरावतीहून अकोला सुमारे शंभर, तर नागपूर दीडशे किलोमीटर. निदानासाठी किंवा गुंतागुंत झाल्यास हा प्रवास करणे योग्यच. पण दर आठवड्याला साखर पाहण्यासाठी मांजराला एसटीत किंवा रेल्वेत घालून नेणे शक्य नाही आणि नेले तरी त्या धास्तीने आलेला आकडा खरा नसतो. नेहमीचा पशुवैद्यक जवळचा असावा, पहिली दोन-तीन वेळची तपासणी त्याच्यासमोर करून दाखवावी आणि पुढे वहीतील आकडे त्याला कळवावेत.

दिवसातून दोन इंजेक्शने आणि कानाला टोचणी हे ऐकूनच अनेक जण धीर सोडतात व मांजराला त्याच्या नशिबावर सोपवितात. प्रत्यक्षात सराव झाल्यावर या साऱ्याला सकाळी पाच व सायंकाळी पाच मिनिटे लागतात. ज्या घरात आजीची साखर रोज मोजली जाते, त्या घराला हे अवघड नाही. मांजराला आपली व्यथा सांगता येत नाही; वहीतील आकडेच त्याच्या वतीने बोलतात.